‘शास्त्राने सिद्ध झाले’ म्हणजे काय? : बातमी, विज्ञान आणि आपले रकाने

१

वृत्तपत्रांचा पक्षपात हा विषय दलित वाचकाला नवा नाही. अत्याचाराची बातमी आतल्या पानावर चार ओळींत दाबली जाते आणि मोर्च्याची बातमी वाहतुकीच्या खोळंब्याची बातमी म्हणून छापली जाते, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या दिवसांत त्या घटनेला अनैतिक संबंधाचे प्रकरण म्हणून रंग दिला गेला आणि राज्यभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे जातीचा प्रश्न बातमीत आला. हा पक्षपात आपल्याला ओळखू येतो, कारण घटना आपल्या वस्तीत घडलेली असते. बातमी खोटे बोलत असेल तर शेजारी खरे सांगतो.

परंतु पक्षपाताचा एक प्रकार असा आहे की, जेथे खरे सांगणारा शेजारी नसतो. तो म्हणजे विज्ञानाच्या बातमीतील पक्षपात. प्रयोगशाळा दूर असते, निबंध इंग्रजीत असतो आणि मथळा मराठीत असतो. वाचकापर्यंत केवळ मथळा पोहोचतो. या प्रकाराची चिकित्सा आपल्या समीक्षेने अद्याप पुरेशी केलेली नाही, असे माझे मत आहे. साहित्यातील प्रस्थापित अभिरुचीला आपण नकार दिला, सौंदर्यशास्त्राला प्रश्न विचारले; पण विज्ञानाच्या नावाने जे छापून येते त्याच्यापुढे आपण एक तर मान तुकवतो किंवा ते सोयीचे असेल तर फलकावर लिहितो. दोन्ही वृत्ती एकाच अज्ञानातून येतात.

मी अणदूर परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझे वडील सालगडी होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण ‘पेपरात आलंय’ असे कोणी म्हटले की त्यांच्या दृष्टीने वाद संपत असे. छापील अक्षराचा हा धाक त्यांच्या पिढीपुरता होता असे मला वाटत नाही. माझे विद्यार्थी भ्रमणध्वनीवर वाचतात, तेव्हा ‘सायन्सनं सिद्ध झालंय’ असे म्हणतात आणि त्यांचाही वाद तेथेच संपतो.

येथे मराठी भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘शास्त्र’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. धर्मशास्त्र हेही शास्त्र आणि भौतिकशास्त्र हेही शास्त्र. ‘शास्त्रात सांगितले आहे’ एवढ्या तीन शब्दांवर आपल्या पूर्वजांना पाणवठ्यावरून, शाळेतून आणि देवळातून बाहेर ठेवण्यात आले. ते शास्त्र त्यांना वाचण्याची मुभा नव्हती. त्याची फक्त शिक्षा भोगावयाची होती. ‘शास्त्राने सिद्ध झाले’ हे आजचे तीन शब्द जर आपण त्याच मुकाट्याने ऐकणार असू, तर शास्त्र बदलले पण आपली जागा बदलली नाही, असे म्हणावे लागेल.

२

उदाहरण २०१९ सालचे घेऊ, कारण त्यात मराठी विद्वत्तेचा आणि मराठी वृत्तपत्रांचा जवळचा संबंध आहे.

हरियाणाच्या हिसार जिल्ह्यात राखीगढी येथे सिंधू संस्कृतीचे एक फार मोठे स्थळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. दफनभूमीतील सांगाड्यांतून प्राचीन डी.एन.ए. मिळविण्याचा प्रयत्न झाला. उष्ण हवामानात हाडांतील डी.एन.ए. लवकर नष्ट होतो. म्हणून कवटीत आतल्या कानाभोवती जे अतिशय घट्ट हाड असते, त्याचा चुरा प्राधान्याने घेतला जातो. एकसष्ट नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी केवळ एका व्यक्तीचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा, डी.एन.ए. वाचता येण्याजोगा निघाला. या कामाचा निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या स्त्रीच्या जनुकांत प्राचीन इराणी लोकांशी दूरचे नाते सांगणारा एक अंश होता आणि दक्षिण आशियातील आदिम शिकारी लोकांचा दुसरा अंश होता. कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांतील पशुपालकांचा, ज्याला ‘स्टेप’ म्हणतात तो, अंश तिच्यात नव्हता.

त्याच आठवड्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसरा निबंध आला. त्यात मध्य व दक्षिण आशियातील ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डी.एन.ए.चा अभ्यास होता. त्याचा निष्कर्ष असा की, इ.स.पूर्व २००० ते १५०० या काळात स्टेपचा अंश दक्षिण आशियात आला. आजच्या काही समूहांत तो तीस टक्क्यांपर्यंत आहे. आणि उत्तर भारतातील परंपरेने पौरोहित्य करणाऱ्या काही गटांत तो अपेक्षेपेक्षा अधिक आढळतो. विशेष म्हणजे डॉ. शिंदे यांचे नाव या दोन्ही निबंधांच्या लेखकांत आहे.

आता पाहा. दिल्लीतील पत्रकार परिषदेत मात्र आर्य बाहेरून आल्याचा सिद्धांत कोसळला, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याच आशयाचे मथळे अनेक भाषांतील वृत्तपत्रांत झळकले. पहिल्या निबंधातले एक वाक्य उचलले गेले आणि दुसरा निबंध जणू छापलाच गेला नव्हता.

यातली तर्काची चूक मी वर्गात एका साध्या उदाहरणाने सांगतो. कालच्या घागरीतल्या पाण्यात मीठ नव्हते. आजच्या पाण्यात आहे. तर मीठ बाहेरून पडले की नाही पडले? अकरावीचा विद्यार्थीही उत्तर देतो. सिंधू संस्कृतीतील स्त्रीमध्ये स्टेपचा अंश नाही आणि आजच्या भारतीयांत तो आहे, यावरून तो नंतर आला एवढेच निघते. जो पुरावा स्थलांतराच्या बाजूचा, तोच स्थलांतराविरुद्धचा म्हणून छापला गेला. हे उपसंपादकाच्या घाईने झाले असे कोणी म्हणेल. एखादी चूक घाईने होते. पण सगळ्यांची चूक एकाच दिशेने होते, तेव्हा दिशेचा विचार करावा लागतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांचा एक अहवाल आला होता. वृत्तसंस्थांतील नेतृत्वाच्या १२१ जागांची त्यांनी पाहणी केली. १०६ जागांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. त्याआधी २००६ मध्ये दिल्लीतील ३७ इंग्रजी-हिंदी वृत्तमाध्यमांतील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली होती. तिच्यातही दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. बातमी कोणत्या खुर्चीवरून लिहिली जाते याचा हा हिशेब आहे. त्या खुर्चीवरचा प्रत्येक माणूस अप्रामाणिक असतो असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु आपल्या सोयीचे विधान तपासून पाहावे असे कोणालाही सहसा सुचत नाही. ते सुचविणारा दुसरा माणूस त्या खोलीत असावा लागतो. तो नसतो.

३

हा प्रश्न आजचा नाही. विज्ञान नवे असले तरी त्याचा वापर जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी आर्यांच्या स्थलांतराची कल्पना मांडली. म. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त तिला उलट्या बाजूने धरले : आलेले ते आक्रमक, येथले ते शेतकरी आणि शूद्रातिशूद्र. उच्चवर्णीयांनीही ती कल्पना त्या काळी नाकारली नाही. बाहेरून येणे तेव्हा भूषणाचे होते, कारण त्यामुळे राज्यकर्त्या गोऱ्यांशी भाऊबंदकी सांगता येत होती. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ लिहून वैदिक आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेले. पुढे राष्ट्र ही कल्पना बळावली आणि बाहेरून येणे अडचणीचे ठरू लागले. तेव्हा मा. स. गोळवलकर यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात त्यावर तोड काढली : आर्य जागेवरच होते, उत्तर ध्रुवच त्या काळी आजच्या बिहार-ओरिसाच्या भागात होता!

म्हणजे ध्रुव हलवला, पण आसन हलू दिले नाही. १९०३ चे शास्त्र, १९३९ चे शास्त्र आणि २०१९ चा मथळा यांत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत; प्रतिष्ठा मात्र प्रत्येक वेळी एकाच घरी जाते. विज्ञानाच्या बातमीची समीक्षा करताना ही कसोटी मला उपयोगी वाटते. निष्कर्ष बदलूनही लाभार्थी बदलत नसेल, तर निष्कर्ष विज्ञानातून आलेला नाही असा संशय घ्यावा.

या सगळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका वेगळी होती आणि ती समजून घेण्यात आपण कमी पडतो. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा व स्वारीचा सिद्धांत नाकारला. ‘अस्पृश्य’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांची तीच आकडेवारी घेतली, जिच्या आधारे रिस्ले यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी जातींची वांशिक उतरंड मांडली होती, आणि दाखवून दिले की ब्राह्मण व अस्पृश्य यांना वेगळे वंश ठरविता येत नाही. आज काही लेखक बाबासाहेबांचा हा नकार उचलून तो वेदांच्या गौरवासाठी वापरतात. बाबासाहेबांना जे सिद्ध करावयाचे होते ते वेगळे होते. जात निसर्गाने केलेली नाही, ती माणसांनी केली आहे. म्हणून ती माणसांनी मोडता येते. त्यांचा वाद वंशाशी नव्हता, वंशाच्या नावाने जातीला निसर्गाचा आधार देण्याशी होता.

४

आता आपल्या बाजूकडे पाहिले पाहिजे. नाहीतर ही चिकित्सा अर्धी राहील.

२००१ साली मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘जीनोम रिसर्च’मध्ये आला. आंध्र प्रदेशातील आठ जातींच्या २६५ पुरुषांचा त्यात अभ्यास होता. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात वरच्या जाती युरोपीयांच्या अधिक जवळ दिसल्या. आईकडून येणाऱ्या डी.एन.ए.त मात्र सगळ्याच जाती बहुतांशी आशियाई दिसल्या. त्या निबंधाच्या आधारे गेली वीस-पंचवीस वर्षे सभांतून सांगितले जाते की, डी.एन.ए. तपासणीने ब्राह्मण परकीय ठरले, आपण मूलनिवासी ठरलो, वाद संपला. माझ्या वर्गातील एका मुलाने हाच मजकूर मोठ्या उत्साहाने मला भ्रमणध्वनीवर दाखविला. त्याचा उत्साह मला कळतो. ज्याला गावात पिढ्यानपिढ्या उपरे म्हणून वागविले, त्याला ‘तूच खरा मालक’ हे वाक्य किती गोड लागत असेल! तरीही मी त्याला विचारले, ‘निबंधात आयांबद्दल काय लिहिलंय ते वाचलंस का?’ तो भाग त्या मजकुरात नव्हता.

एका प्रदेशातील आठ जाती म्हणजे सगळा भारत नव्हे. आणि नंतरच्या सगळ्या मोठ्या अभ्यासांनी जे दाखविले ते असे की, या देशात अमिश्र असे जवळजवळ कोणी नाही. ज्या अंशाला परका म्हणावे तो कमीअधिक आपल्यातील अनेकांत आहे. राखीगढीच्या त्या स्त्रीच्या समाजाचा वारसा ब्राह्मणांतही आहे. फार मागे गेलो तर सगळेच आफ्रिकेतून आलेले. मग ‘मूळचा कोण’ या प्रश्नावर हक्क उभे केले, तर ते हक्क पुढच्या निबंधाबरोबर कोसळतील. बाबासाहेबांनी राज्यघटनेत समतेचा हक्क कोणाच्या हाडांच्या वयावरून दिलेला नाही. रक्ताने श्रेष्ठत्व ठरविण्याच्या विचाराविरुद्ध आपण लढलो; तोच विचार उलटा करून अंगावर घातला तर लढाई जिंकली असे होत नाही.

प्रस्थापितांचा मथळा आणि आपला फलक यांत अन्यायाच्या दृष्टीने फरक आहेच. एकाच्या मागे सत्ता आहे, दुसऱ्याच्या मागे वेदना. पण वाचनाच्या दृष्टीने दोघांनी एकच केले : निबंध वाचला नाही, निकाल वाचला.

५

आणि या गडबडीत जे खरोखर आपल्या कामाचे होते ते बाजूला राहिले.

अणदूरवरून जाणारा महामार्ग सोलापुराहून हैदराबादला जातो. त्या हैदराबादेत पेशीय व रेण्वीय जीवशास्त्राचे केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. भारतीय उपखंडातील ७३ समूहांच्या अभ्यासातून असे दिसले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथे वेगवेगळ्या लोकांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि पुढे ती आटत गेली. २०१६ साली बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडले की, सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, गुप्तकाळाच्या सुमारास, अनेक समूहांत ही सरमिसळ एकाएकी थांबली. लोक जातीतल्या जातीत लग्ने करू लागले.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्यात त्यांचे प्रमेय हेच होते की, जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. लोक पूर्वी मिसळलेले होते, नंतर कुंपणे घातली गेली. त्यांच्याजवळ ना सूक्ष्म यंत्रे होती ना जनुकांची आकडेवारी. समाज नीट पाहणे आणि नीट विचार करणे एवढ्यावर त्यांनी जे मांडले, त्याच दिशेने शंभर वर्षांनी प्रयोगशाळा बोलू लागली. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी इ.स. ४०० च्या आसपास ठेवला होता, तोही काळ गुप्तांचाच. मात्र येथे मी घाई करणार नाही. सजातीय विवाहाची सक्ती आणि अस्पृश्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. काळ जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही. इतरांच्या मथळ्याला जो निकष लावला तो आपल्या आनंदालाही लावला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या अभ्यासात आढळले की, त्यांतील ८१ समूहांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याच्या आणि आपसांतच लग्ने केल्याच्या खुणा फार तीव्र आहेत. त्यामुळे दोन्ही पालकांकडून येणाऱ्या काही आनुवंशिक रोगांचा धोका त्यांत वाढतो. यात वरचे-खालचे असा भेद नाही. ज्या कुंपणाला शुद्धता म्हटले गेले, ते कुंपण आतल्यांनाही आजारी करते, हे विज्ञानाने सांगितले. जातिनिर्मूलनाच्या चळवळीला याहून उपयोगी बातमी कोणती असू शकते? पण राखीगढीच्या मथळ्याइतका गाजावाजा हिचा झाला नाही. त्यांनी केला नाही हे समजू शकते. आपण का केला नाही?

६

या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या नियतकालिकांकडे घेऊन जाते.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास नकार दिला, हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले हेही सांगतो. पण बाबासाहेबांनी त्या रकान्यांत काय केले, हे कमी सांगतो. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’चे रकाने बहुतेक त्यांना एकट्याला भरावे लागत. त्यात केवळ गाऱ्हाणी नव्हती. कायदेमंडळातील चर्चा, अर्थकारण, धर्मग्रंथांची चिकित्सा, दुसऱ्या पत्रांच्या अग्रलेखांना मुद्देसूद उत्तरे, असा तो ऐवज होता. मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले. पण त्या ग्रंथात काय लिहिले आहे हे बाबासाहेबांना पाठ होते. न वाचता केलेले दहन आणि वाचून केलेले दहन यांत जो फरक आहे, तोच फलक आणि चिकित्सा यांत आहे.

त्या परंपरेचे आपण काय केले? आपल्या त्रैमासिकांनी कविता छापली, आत्मकथने छापली, समीक्षा छापली आणि मराठी साहित्याचा चेहरा बदलला. ते ऋण माझ्यासारख्यावर आयुष्यभराचे आहे. मी याच पानांवर वाचायला शिकलो. पण विज्ञानावरचा लेख आपल्या अंकांत विरळा. जणू विज्ञान ही दुसऱ्या आळीची गोष्ट आहे. आपली मुले प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, संगणकांवर काम करीत आहेत. त्यांच्याकडे आपण कविता मागतो, त्यांच्या विषयावर लेख मागत नाही.

छोट्या नियतकालिकाला जे जमते ते मोठ्या दैनिकाला जमत नाही. दैनिकाला उद्याचा अंक काढायचा असतो. त्रैमासिकाला तीन महिने असतात. निबंध मिळवणे, शब्दकोश घेऊन बसणे, जाणत्याला विचारणे, मग लिहिणे, आणि चुकले असेल तर पुढच्या अंकात तितक्याच ठळकपणे दुरुस्त करणे, एवढा अवकाश या पानांना आहे. आपल्या वाचकाला मथळ्याने ओढून आणावे लागत नाही. तो वर्गणी भरून आलेला असतो. हे सामर्थ्य लहान नाही. मूळ निबंध आज खेड्यातल्या भ्रमणध्वनीवरही उघडतात. अडते ते भाषेपाशी आणि सवयीपाशी.

हे आपल्या लोकांना झेपणार नाही, असा आक्षेप मी आमच्याच मंडळींकडून ऐकला आहे. त्याला माझे उत्तर अणदूरातच आहे. येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने १९९० च्या दशकापासून खेड्यांतील कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. ज्यांना शाळेने फारसे काही दिले नव्हते, त्या बायका आजार ओळखायला, औषध समजावून द्यायला शिकल्या. त्यांना शरीरशास्त्र झेपले, कारण कोणीतरी ते त्यांच्या भाषेत, त्यांच्याजवळ बसून सांगितले. मग जातीतल्या जातीत लग्न केल्याने मुलांना कोणते आजार होऊ शकतात, हे आमच्या वस्तीला का समजणार नाही?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक अंकात एक निबंध निवडावा. तो कोणी केला, कोणाच्या पैशाने केला, किती माणसे तपासली, काय आढळले, काय आढळले नाही आणि वृत्तपत्रांनी त्याचे काय केले, हे चार पानांत मराठीत लिहावे. आपल्याला गैरसोयीचा निष्कर्ष असेल तर तो आधी छापावा. धर्मशास्त्र आणि विज्ञान यांतला फरक एवढाच आहे की, पहिले तपासू देत नाही आणि दुसरे तपासायला सांगते. तपासणे सोडले तर विज्ञानही आपल्यासाठी पोथीच होईल, आणि पोथी कोणाच्या हातात राहते हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही.